ढगातून धावपट्टीकडे

उलव्याचा डोंगर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. सुमारे ९० मीटर उंचीचा तो डोंगर सुरुंग लावून कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, गणेशपुरी अशा दहा गावांतली घरे उठली, आणि त्या जागेवर ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी झाली. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ जातीचे विमान तिच्यावर पहिल्यांदा उतरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. जमिनीचा मोबदला कोणाला किती मिळाला, नोकऱ्या कोणाला लागल्या, हे माझे नेहमीचे विषय. ते आज बाजूला ठेवतो. आजचा प्रश्न निराळा आहे. जुलै महिन्यात ढग इतके खाली येतात की बेलापूरच्या किल्ल्यापाशी उभे राहिले तरी खाडीपलीकडचा किनारा दिसत नाही. अशा वेळी वरून येणारा माणूस धावपट्टी शोधतो कशी? आणि तो माणूस मोठ्या कंपनीचा मुरलेला कॅप्टन नसून नुकताच परवाना हाती पडलेला, चार माणसांचे लहान विमान चालवणारा खासगी वैमानिक असेल, तर त्याच्यापुढे नेमके संकट कोणते असते?

मी वैमानिक नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या दारांवर सभा घेण्यात माझी तीस वर्षे गेली. शाळेतले शिक्षण अर्धवट राहिले; पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि पाळी संपवून आलेल्या माणसांच्या तोंडून झाले. आमच्या एका सभासदाच्या मुलाने कर्ज काढून विमान चालवण्याचे शिक्षण घेतले, तेव्हा त्याची पुस्तके मी मागून घेतली आणि त्याला प्रश्न विचारून विचारून बेजार केले. यंत्राची माहिती मिळवावी म्हणून गेलो आणि माणसाविषयीच जास्त शिकलो, असे झाले.

परवान्यापासून सुरुवात करू. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच्यावर क्रमांक १ होता. आज खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. चाळीस तास म्हणजे कारखान्यातल्या शिकाऊ मुलाचा एक आठवडा! एवढ्या अवधीत मुलगा किंवा मुलगी विमान उडवायला, वळवायला, उतरवायला शिकते, पण हे सारे डोळ्यांच्या आधारावर असते. खाली जमीन दिसते, समोर क्षितिज दिसते, आणि पंख त्या क्षितिजाशी समांतर ठेवायचे एवढे भान पुरते. ढगात शिरायचे तर निराळी पात्रता लागते. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा आणखी ४० तासांचा सराव त्यासाठी करावा लागतो. त्यातला काही भाग जमिनीवरच्या नकली विमानात चालतो. मगच कायदा त्याला ढगात जाऊ देतो.

कायदा एवढा कडक का? कारण ढगात आपले शरीर आपल्याशी खोटे बोलते.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की द्रव मागे राहतो, आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळते की आपण वळलो. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला ही योजना पुरेशी आहे. परंतु वळण अगदी सावकाश सुरू झाले तर तो द्रव हलतच नाही, आणि वळण सारखे चालू राहिले तर वीसेक सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो. मग मेंदू सांगतो की सारे स्थिर आहे. जत्रेतल्या पाळण्यात डोळे मिटून बसलेल्यांना याची थोडी कल्पना असेल. आता ढगातल्या वैमानिकाचे पाहा. विमान हळूहळू डावीकडे कलले, त्याला कळले नाही. थोड्या वेळाने उपकरणाकडे नजर गेली आणि त्याने विमान सरळ केले. त्याच क्षणी कान ओरडून सांगू लागतात की आपण उजवीकडे कलंडलो! कानाचे ऐकून तो पुन्हा डावीकडे कलतो. कललेले विमान नाक खाली घालते, वेग वाढतो. घाबरून तो दांडा मागे ओढतो, त्याने वळण आणखीच आवळते, आणि विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली जाते. ढगातून बाहेर येते तेव्हा जमीन समोर असते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याचा प्रयोग झाला. ढगात उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना विमानात बसवून बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली. शेजारी अर्थातच जाणता वैमानिक होता. विसांपैकी विसांचाही ताबा सुटला. कोणाचा २० सेकंदांत, कोणाचा ४८० सेकंदांत. सरासरी निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. वाशी स्थानकातून निघालेली लोकल खाडीपूल ओलांडून मानखुर्दला पोहोचण्याच्या आत! अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ च्या रात्री स्वतःचे लहान विमान घेऊन निघाले. परवाना मिळून सव्वा वर्ष झाले होते, उपकरणांवर उडण्याची पात्रता अद्याप मिळाली नव्हती. खाली काळा समुद्र आणि भोवती धुरकट हवा, त्यामुळे क्षितिज हरवले, आणि पत्नी व मेहुणीसह ते समुद्रात गेले. यंत्रात बिघाड आढळला नाही.

यावर उपाय म्हणून यंत्रे आली. टाटांना परवाना मिळाला त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळ जिमी डूलिटल या लष्करी वैमानिकाने बैठकीवर कापडी टप ओढून घेतला आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, फिरवले व उतरवले. एल्मर स्पेरीच्या कारखान्यातून आलेले, भिंगरीच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिज त्याच्यासमोर होते. जोरात फिरणारी भिंगरी आपला आस सोडत नाही, हे पोरांना ठाऊक असते. तोच गुण येथे उपयोगी पडला. विमान कसेही कलले तरी ते उपकरण खरे क्षितिज दाखवीत राहते. आजही लहान विमानाच्या फळीवर साधारणपणे सहा गोष्टी दाखवलेल्या असतात: कृत्रिम क्षितिज, वेग, उंची, दिशा, वळण, आणि मिनिटाला किती फूट चढतो वा उतरतो आहोत ते. नव्या विमानांत त्यांच्या जागी पडदे आले आहेत, पण गोष्टी याच.

येथे कोणी म्हणेल, झाले तर मग! कानावर विश्वास ठेवू नये, यंत्रावर ठेवावा. एवढे सोपे असते तर हे व्याख्यान येथेच संपले असते. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते आणि विमान उजवीकडे कलले असल्याचे दाखवीत होते. प्रत्यक्षात ते तसे नव्हते. त्याने त्या एका उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवले, ते कलतच गेले. खाली अंधारा समुद्र, बाहेर क्षितिज नाही. सहवैमानिकासमोरचे उपकरण आणि राखीव उपकरण त्या वेळी बरोबर दाखवीत होते. यंत्र-अभियंत्याने सावध करण्याचा प्रयत्नही केला, पण वेळ उरला नव्हता. म्हणून शिकाऊ वैमानिकाला शिकवतात की नजर एका काट्यावर खिळवू नकोस, ती सतत फिरती ठेव. क्षितिज म्हणते आपण कललो. मग दिशेचा काटा फिरतो आहे काय? वळणाचा काटा काय म्हणतो? तिघांपैकी दोघे एक बोलले तर तिसरा खोटा. आमच्या युनियनच्या चौकशीतही साक्षी अशाच तपासतात. एकाच साक्षीदाराच्या भरवशावर निकाल देणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

उंचीच्या काट्याची गोष्ट आपल्या पावसाळ्याशी निगडित आहे म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. हा काटा प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. वर जावे तसा दाब कमी होतो, त्यावरून तो उंची काढतो. समुद्रसपाटीजवळ दाबात एक हेक्टोपास्कल फरक पडला की सुमारे २७ फुटांचा फरक दिसतो. हवेचा प्रमाण दाब १०१३ धरलेला आहे; पावसाळ्यात किनाऱ्यावर तो १००० च्या आसपास उतरतो. वैमानिकाने जमिनीवरून आजचा दाब विचारून काट्याची कळ फिरवून घेतली नाही, तर १३ हेक्टोपास्कलची चूक, म्हणजे साडेतीनशे फूट! काटा ५०० फूट दाखवील आणि विमान दीडशे फुटांवर असेल. म्हणून उतरण्यापूर्वी नियंत्रण कक्ष दाबाचा आकडा सांगतो व वैमानिकाने तो उलट म्हणून दाखवायचा असतो. गोदीत क्रेनवाल्याला खुणा करणारा माणूस जशी खूण परत मागतो, त्यातलाच हा प्रकार.

उंची कळली, तरी आपण कोठे आहोत हे कळले पाहिजे. पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड व माथेरान, दक्षिणेला कर्नाळा, उत्तरेला खारघर व पारसिकचे डोंगर. माथेरानचे पठारच सुमारे ८०० मीटर उंच आहे. ढगात हे डोंगर दिसत नाहीत, पण असतात. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान भर पावसाळी हवेत मुंबईला उतरू पाहत असता घाटकोपरच्या डोंगरावर आदळले. आतले ४५ ही जण मेले. इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकन पत्रकार त्यांत होते. पुढे १९६२ साली, ६ व ७ जुलैच्या मधल्या रात्री, आलितालियाचे डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येत होते. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो असा वैमानिकांचा समज झाला व ते खाली उतरू लागले. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि मध्ये जुन्नरकडचे डोंगर होते. ९४ माणसे गेली. विमान धडधाकट होते, चालवणारे मुरलेले होते. चूक फक्त 'आपण कोठे आहोत' या समजुतीत होती.

आता ढगातली वाट. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक व अलीकडच्या टोकाजवळ बाजूला एक, असे दोन प्रक्षेपक असतात. पहिला रेडिओची दोन क्षेत्रे फेकतो: येणाऱ्या विमानाच्या डाव्या हाताला ९० कंपनांचा सूर, उजव्या हाताला १५० कंपनांचा. जेथे दोन्ही सूर सारखे, ती धावपट्टीची मध्यरेषा. दुसरा प्रक्षेपक हेच काम उभ्या दिशेने करतो; वर एक सूर, खाली दुसरा, आणि दोन्ही सारखे तेथे तीन अंशांचा उतार. विमानातल्या एका चकतीवर दोन सुया असतात, एक उभी, एक आडवी. दोन्ही मधोमध आल्या की विमान त्या अदृश्य उतारावर आहे. तीन अंश म्हणजे दर किलोमीटरला ५२ मीटर उतरणे. लहान विमान ९० नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटरने येत असेल, तर मिनिटाला पावणेपाचशे फूट उतरावे लागते. या योजनेला इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, थोडक्यात आयएलएस म्हणतात. आता उपग्रहांच्या आधारे उतरण्याच्या पद्धतीही आल्या आहेत, पण वैमानिकाच्या डोळ्यांपुढे सुया तशाच येतात.

सुईची एक खोड आहे. प्रक्षेपकाचे क्षेत्र पंख्यासारखे असते, दूर रुंद आणि जवळ अरुंद. पंधरा किलोमीटरवर सुई काठाला लागण्यासाठी विमान मध्यरेषेपासून सुमारे अर्धा किलोमीटर ढळावे लागते. धावपट्टीच्या उंबरठ्यापाशी शंभर मीटर पुरतात. म्हणजे जसजसे जवळ यावे तसतशी सुई चळवळी होते. नवा वैमानिक येथे फसतो. सुई डावीकडे सरकली की तो विमान खूप डावीकडे वळवतो, सुई सर्रकन उजवीकडे जाते, मग तो उजवीकडे. मध्येच नियंत्रण कक्ष बोलतो, पावसाचा मारा काचेवर वाजतो, नकाशा मांडीवरून घसरतो. सुईच्या मागे धावणारा माणूस वेग विसरतो, उंची विसरतो. जाणता शिक्षक सांगतो की सुईकडे पाहा पण विमान दिशेच्या काट्यावर चालव. दोन-तीन अंशांची दुरुस्ती कर आणि थांब. हे 'थांब' फार कठीण आहे. आणि क्रम पक्का ठेव: आधी विमान सांभाळ, मग वाट पाहा, बोलणे शेवटी. नियंत्रण कक्षातला माणूस उत्तराची वाट पाहील, विमान पाहणार नाही. विजांच्या गडगडाटाचा ढग वाटेवर असेल तर मात्र सुया कितीही मधोमध असोत, लहान विमानाने तेथे जायचेच नाही. तो ढग पंख मोडू शकतो.

सुया सांभाळून तो खाली आला. ८०० फूट, ६००, ४००. बाहेर अजून कापूस पिंजल्यासारखे पांढरे. आणि मग तो आकडा येतो, ज्याच्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला. साध्या आयएलएसच्या पद्धतीत तो जमिनीपासून २०० फूट असतो. त्याला निर्णयाची उंची म्हणतात. त्या उंचीला धावपट्टी किंवा तिच्या अलीकडचे दिवे दिसले पाहिजेत. दिसले तर उतर. न दिसले तर पुरी ताकद लाव, नाक वर कर, चढ, आणि नकाशावर आखून दिलेल्या मार्गाने दूर जा. तिसरा पर्याय नाही. 'आणखी पन्नास फूट उतरून बघू' हा पर्याय नाही. दोनशे फुटांवरून जमीन अवघी पंचवीस सेकंद दूर असते.

दिसले म्हणून सारे सुरक्षित, असेही नाही. काचेवर पाऊस असला की आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो आणि माणूस नकळत खाली जातो. जून १९८२ मध्ये मुसळधार पावसाच्या रात्री एअर इंडियाचे 'गौरीशंकर' विमान मुंबईला उतरताना आपटले व १७ जण मेले. उंचीचे भान सुटून जमिनीच्या आधीच ताकद कमी केली गेली, असा ठपका होता. डोळे पुरे उघडे असूनही माणूस कसा चुकतो याचा नमुना पाहायचा तर जुहूकडे पाहावे. १९५३ साली बीओएसीचे कॉमेट आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८, दोन्ही सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरली! माणसे वाचली, म्हणून ही गोष्ट हसून सांगता येते.

परत चढण्याची क्रियाही नव्या वैमानिकाला सोपी नाही. ताकद लावताच विमान पुढे झेपावते, पाठ खुर्चीवर दाबली जाते, आणि तोच लबाड कान सांगतो की नाक फारच वर गेले. कानाचे ऐकून त्याने नाक खाली दाबले तर दोनशे फूट किती पुरणार? म्हणून पुन्हा कृत्रिम क्षितिजाकडेच पाहायचे. पण ही हाताची अडचण झाली. ती सरावाने जाते. मनाची अडचण निराळी आहे. तासभर घाम गाळून, सुया सांभाळून, धावपट्टीच्या दारापर्यंत आलेल्या माणसाने दार न ठोठावता परत फिरायचे. मागे मित्र बसले आहेत, घरची माणसे बसली आहेत. त्यांना वाटेल, याला जमले नाही. म्हणूनच तो आकडा आधी, जमिनीवर, डोके शांत असताना ठरवलेला असतो. दोनशे फुटांवर विचार करायचा नसतो, आधी केलेला करार पाळायचा असतो. आम्ही वाटाघाटी करणारे लोक याचे मोल जाणतो. संपाच्या विसाव्या दिवशी, डोळे तारवटलेले असताना, पहाटे तीन वाजता कोठवर मागे जायचे हे ठरवू नये. ते पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवावे.

परंतु करार पाळणाऱ्याला शिक्षा होऊ लागली तर करार राहत नाही. एका रसायनाच्या कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगतो. पात्रातले तापमान ठरलेल्या आकड्यापुढे गेले म्हणून रात्रपाळीच्या कामगाराने काम बंद पाडले. नियमाप्रमाणेच केले. माल वाया गेला, आणि सकाळी त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. तपासणीत तापमापकच जास्त दाखवत होता असे निघाले, म्हणून साहेब अधिकच चिडले. नोटीस पुढे आम्ही मागे घ्यायला लावली. पण त्यानंतर त्या पाळीवर कोणी बटणाला हात लावण्याआधी दोनदा विचार करू लागला, आणि त्या दोन विचारांना लागणारा वेळ पात्र देईलच असे नाही.

विमानाच्या बाबतीत हेच एका सरकारी चौकशी अहवालात लिहिलेले आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोविडच्या दिवसांत, दुबईहून माणसे घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोड येथे पावसात उतरले. डोंगरमाथा सपाट करून केलेली ती धावपट्टी आहे. कॅप्टन दीपक साठे पूर्वीचे हवाई दलातले विंग कमांडर, दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेले मराठी गृहस्थ. पहिल्या खेपेला ते नियमाप्रमाणे परत चढले. दुसऱ्या खेपेला उलट बाजूने, मागून वारा असताना आले. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांपाशी टेकले, पलीकडे घसरून दरीत गेले, आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले. परत चढा, असे सहवैमानिकाने सांगितले होते तरी उतरणे चालू राहिले, असे अहवाल म्हणतो. वर्तमानपत्रांतून गाजला तो एवढाच भाग. त्याच अहवालात पुढे असेही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण चालवण्यासाठी कॅप्टनला कोळिकोडलाच पोहोचायचे होते, कारण त्या ठिकाणी २६ सहवैमानिकांच्या जोडीला नेमणुकीवर एकच कॅप्टन होता. हा कंपनीच्या नेमणूक-धोरणाचा दोष म्हणून नोंदलेला आहे. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. दोनशे फुटांवरचा निर्णय खुर्चीतला माणूस घेतो हे खरे, पण हजेरीपट कोण आखतो? दरवाजाबाहेरच्या मंडळींनी काय काय आधीच ठरवून ठेवलेले असते?

आपल्या नव्या खासगी वैमानिकाला हजेरीपट नाही. तो स्वतःच मालक, स्वतःच कामगार. यामुळे त्याची सुटका होत नाही, उलट पंचाईत वाढते. सोमवारी दुकान उघडायचे असते, लग्नाला पोहोचायचे असते, भाड्याच्या विमानाचे तासागणिक पैसे चढत असतात, आणि नोटीस देणारा साहेब त्याच्याच डोक्यात बसलेला असतो. त्या साहेबाविरुद्ध युनियन काढता येत नाही! तेव्हा अनुभवी शिक्षक नव्या मुलांना दोन गोष्टी करायला लावतात. पहिली इंधनाची: ठरलेल्या जागी पोहोचायला लागेल तेवढे, तेथून परत फिरून दुसऱ्या विमानतळावर जायला लागेल तेवढे, आणि त्यावर आणखी पाऊण तासाचे. टाकीत इंधन नसेल तर परत फिरण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. दुसरा विमानतळही असा निवडायचा की त्याच ढगाखाली तोही सापडणार नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. कायदा २०० फुटांपर्यंत येऊ देतो, म्हणून नव्या माणसाने यावेच असे नाही. तो आपल्या वहीत स्वतःचा आकडा लिहितो: ढगांचा तळ ५०० फुटांच्या खाली असेल तर मी उतरू पाहणार नाही; दृश्यता नियमाच्या दुप्पट हवी; गेल्या काही आठवड्यांत सराव नसेल तर ढगात शिरणारच नाही. आमच्या त्या सभासदाच्या मुलाने असा कागद फळीच्या कडेला चिकटवून ठेवला आहे. जाण्यापूर्वी तो बरोबरच्यांना वाचून दाखवतो व सांगतो की पाऊस लागला तर आपण दुसरीकडे उतरू आणि एस.टी.ने घरी येऊ, हे आताच मान्य असेल तर बसा. आकडा कमी करण्याची मुभा त्याला आहे, पण ती घरी, दिवसाउजेडी, शिक्षकाबरोबर पुरेसे तास झाल्यावर. विमानात बसून पेन हातात घ्यायचे नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने तो ५०० चा ४०० केला. तो कागद पाहिला तेव्हा जुना आकडा खोडलेला होता आणि शेजारी शिक्षकाची सही व तारीख होती.